धावपटूंचे अर्थार्जन आणि निवृत्तिजीवन

धावण्याच्या शर्यतींत अव्वल ठरलेल्या खेळाडूने स्पर्धेच्या काळात मिळवलेले धन, आणि धावणे थांबल्यावर त्या धनावर, कीर्तीवर किंवा कीर्तीमुळे लाभलेल्या पदावर चाललेले त्याचे पुढील आयुष्य, असा दुहेरी विषय या नोंदीत घेतला आहे. धावपटूच्या, विशेषतः कमी पल्ल्याच्या धावपटूच्या, ऐन उमेदीची वर्षे फार थोडी असतात. त्यामुळे मिळवण्याचा काळ तोकडा आणि मिळालेल्यावर काढायचा काळ लांब, असे या विषयाचे मूळ गणित आहे. खुद्द शर्यतीतून मिळणारे बक्षीस हा धनाचा प्रमुख मार्ग क्वचितच होता. नगरराज्य, पैजा लावणारे उमराव, प्रेक्षक, सरकार आणि बुटांचे कारखानदार असे देणारे बदलत गेले.

प्राचीन काळ : ग्रीक धावपटू केवळ ऑलिव्हच्या पानांच्या मुकुटासाठी धावत, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि दीर्घकाळ टिकली. ऑलिंपियात प्रत्यक्ष मिळे तो मुकुटच, एवढ्यापुरती ती खरी आहे. परंतु विजेता घरी परतल्यावर त्याचे नगर त्याला काय देई, याकडे ती दुर्लक्ष करते. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने ऑलिंपिक विजेत्यास ५०० द्राख्मा व इस्थमियन स्पर्धेतील विजेत्यास १०० द्राख्मा देण्याचे ठरवले, असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. डायोजेनीस लेअर्शियसच्या मते मात्र सोलोनने ही रक्कम नव्याने सुरू केली नव्हती, तर आधीपासून मिळणारे मान कमी करून ती तेथवर आणली होती. दोन्ही लेखक सोलोनच्या नंतर कित्येक शतकांनी झाले. शिवाय सोलोनच्या काळात, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी, अथेन्समध्ये नाणी पाडली जात होती की नाही याबद्दलच शंका असल्याने, येथील द्राख्मा हे नाणे नसून चांदीचे वजन असावे किंवा आकडा मागाहून घुसडला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. प्लूटार्क त्याच ठिकाणी मेंढीची किंमत १ द्राख्मा व बैलाची ५ द्राख्मा सांगतो. त्या हिशेबाने ऑलिंपिक विजेत्याच्या वाट्याला शंभर बैलांची किंमत येते. आकडा अचूक नसला, तरी बक्षीस नाममात्र नव्हते एवढे त्यावरून दिसते. तत्त्वज्ञ झेनोफनीसची तक्रारही याला पुष्टी देते. वेगवान पायांच्या माणसाला मानाची जागा, नगराच्या खर्चाने भोजन आणि भेटवस्तू मिळतात, पण त्याच्या विजयाने नगराची कोठारे भरत नाहीत, असा तिचा आशय आहे.

अधिक भरवशाचा पुरावा पॅनाथेनिक (अथेना देवीच्या उत्सवातील) स्पर्धांच्या बक्षिसांची यादी असलेल्या अथेन्समधील शिलालेखाचा आहे. तो सामान्यतः इ. स. पू. सु. ३८० चा मानला जातो. ‘स्टेडियन’ या सुमारे दोनशे मीटरांच्या दौडीत मुलांच्या गटातील पहिल्याला तेलाचे ५० व दुसऱ्याला १० कुंभ, तर दाढी न फुटलेल्या तरुणांच्या गटातील पहिल्याला ६० व दुसऱ्याला १२ कुंभ मिळत. प्रौढ पुरुषांचा आकडा ज्या भागात होता तो दगड फुटला आहे. तेथे १०० हा आकडा धरण्याची प्रथा आहे, पण तो अनुमानाचा आहे हे अनेक लोकप्रिय ग्रंथ सांगायला विसरतात. एका कुंभात साधारण ३६ ते ४० लिटर तेल मावे, म्हणजे विजेत्याला हे तेल विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा चित्रांकित कुंभांचे अवशेष इटलीतील एट्रुरियापर्यंत सापडतात, ते तेलाच्या आणि रिकाम्या कुंभांच्या फेरविक्रीचे लक्षण समजले जाते.

या साधनांचा अर्थ लावण्यात दोन पक्ष पडतात. प्राचीन खेळांचे अभ्यासक ई. नॉर्मन गार्डिनर यांच्या पिढीने असे चित्र रंगवले, की आरंभी खानदानी हौशी खेळाडू होते आणि पुढे धंदेवाईकांनी शिरकाव केल्याने खेळाचा ऱ्हास झाला. डेव्हिड यंग यांनी १९८४ मध्ये या चित्रावर कठोर टीका केली. ‘हौशी खेळाडू’ या अर्थाचा शब्दच प्राचीन ग्रीकमध्ये नाही, उलट ‘ॲथलीट’ हा शब्द बक्षीस या अर्थाच्या ‘ॲथ्लॉन’वरून आला आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पॅनाथेनिक दौडीचे बक्षीस कुशल कारागिराच्या दोन वर्षांहून अधिक काळाच्या मजुरीएवढे भरते, असा हिशेबही त्यांनी मांडला. तेलाचे भाव स्थिर नसल्याने हा हिशेब थोडा सैल धरावा लागतो. गरीब घरांतील खेळाडू आरंभापासून मोठ्या संख्येने होते, हे यंग यांचे प्रतिपादनही सर्वांना मान्य नाही. उमराव घराण्यांतील खेळाडू शेवटपर्यंत टिकून होते व त्यांना बक्षीस घेण्यात कमीपणा वाटत नव्हता, हे एच. डब्ल्यू. प्लेकेट यांचे मत पुराव्याशी अधिक जुळते. हौशीपणाची ग्रीक वंशावळ ही आधुनिकांची रचना आहे, याबद्दल मात्र आता फारसा मतभेद उरलेला नाही.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न रोमन काळात स्पष्ट दिसतो. काही मानाच्या स्पर्धांतील विजेता आपल्या नगरात समारंभपूर्वक प्रवेश करी व त्यानंतर नगराने त्याला नियमित वेतन द्यावे असा दंडक होता. हे वेतन विजयाच्या दिवसापासून मिळावे, अशी खेळाडूंची मागणी बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातील रोमन प्रांत) येथील राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला इ. स. सु. ११० नंतरच्या पत्रव्यवहारात कळवली. नगरप्रवेशाच्या दिवसापासूनच ते द्यावे, त्यापूर्वीची थकबाकी देऊ नये, असा निर्णय ट्रेजनने दिला.

हौशीपणाचा काळ : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्ये धावण्या-चालण्याच्या पैजांवर मोठा पैसा लागे. कॅप्टन बार्कलेने १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे सलग १००० तासांत दर तासाला एक याप्रमाणे १००० मैल चालून १००० गिनींची पैज जिंकली. या बाजारू वातावरणाची प्रतिक्रिया म्हणून १८६० नंतर हौशी क्लब निघाले. पैशासाठी उतरलेल्यांबरोबरच कारागीर व मजूर यांनाही बाहेर ठेवण्याचा नियम त्यांत होता. इंग्लंडच्या हौशी संघाने १८८० मध्ये वर्गभेदाचे कलम गाळले, पैशाची बंदी मात्र ठेवली, आणि १९१२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेनेही तीच पुढे चालवली.

या बंदीचे फळ खेळाडूंनी भोगले. जिम थॉर्पला १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील दोन सुवर्णपदके, पूर्वी थोड्या मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याच्या कारणाने पुढच्याच वर्षी परत करावी लागली. ती १९८२ च्या निर्णयाने मरणोत्तर परत मिळाली, तरी एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद २०२२ मध्येच झाली. नऊ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या फिनलंडच्या पावो नुर्मीला प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून वगळण्यात आले. पुढे त्याने हेलसिंकीत कापडचोपडाचे दुकान आणि इमारत बांधकाम यांतून मोठी संपत्ती उभी केली. शर्यतीच्या नियमांनी नाकारलेला पैसा व्यापाराने मिळवून देणारा हा अपवादच म्हणावा लागेल. जेसी ओवेन्सने १९३६ मध्ये बर्लिनला चार सुवर्णपदके जिंकली, पण स्पर्धेनंतरचा युरोप दौरा अर्धवट सोडल्याने अमेरिकी हौशी संघटनेने त्याला निलंबित केले. त्याच वर्षअखेर तो हवाना येथे घोड्याबरोबर शर्यत लावताना दिसतो. १९३९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. १९५० नंतर व्याख्याने आणि सरकारी सद्भावना दौरे यांनी त्याची स्थिती सावरली. सोव्हिएत गटातील देशांनी खेळाडूंना लष्करात किंवा कारखान्यात नावापुरते पद देऊन ही बंदी ओलांडली. सरकारी नोकरीचा सौम्य प्रकार भारतातही रुळला: मिल्खा सिंग लष्करातून पंजाब सरकारच्या क्रीडा विभागात गेले, तर पी. टी. उषा रेल्वेच्या सेवेत होत्या.

आधुनिक मिळकत : आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये खेळाडूच्या नावे विश्वस्त निधीत पैसे ठेवण्यास परवानगी दिली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९३ मध्ये विजेत्यांना मोटारी मिळाल्या, आणि १९९७ मध्ये अथेन्स येथे रोख बक्षिसे सुरू झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सच्या ४८ प्रकारांतील सुवर्णविजेत्यांना जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने प्रत्येकी ५०,००० डॉलर दिले. ऑलिंपिकमध्ये अशी रोख रक्कम देणारी ही पहिलीच आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना होय. तरीही बक्षिसे हा उत्पन्नाचा लहान भाग राहिला. उसेन बोल्टची वार्षिक मिळकत उमेदीच्या अखेरच्या वर्षांत ‘फोर्ब्स’ने तीन कोटी डॉलरांहून अधिक अंदाजली होती आणि तीत जाहिरात करारांचा वाटा सर्वांत मोठा होता. ही स्थिती एका व्यक्तीची आहे. तिच्यावरून इतर धावपटूंचे अनुमान काढू नये. बुटांच्या कंपन्यांचे करार गोपनीय असतात व खेळाडू स्पर्धेत उतरला नाही तर त्यांत रक्कम घटवण्याची तरतूद असू शकते. अशा तरतुदी मातृत्वाच्या काळात कशा लागू होतात, हे ॲलिसन फेलिक्सने २०१९ मध्ये उघडपणे लिहिल्यानंतर नायकीने आपले धोरण बदलले. फेलिक्सने पुढे २०२१ मध्ये स्वतःची बुटांची कंपनी काढली.

निवृत्तीनंतर : येथे साधने विरळ होतात आणि जी आहेत ती बहुधा वृत्तपत्री आहेत. सबॅस्टियन को ब्रिटिश संसदेत आणि २०१५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्षपदी गेला. हेले गेब्रसेलासीने इथिओपियात हॉटेले, इमारती व मोटारींची जुळणी असा व्यवसाय वाढवला. पी. टी. उषांनी केरळमध्ये प्रशिक्षण शाळा काढली व २०२२ मध्ये त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. मॅरियन जोन्सने २००७ मध्ये उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिल्यावर पदके गमावली व २००८ मध्ये तिला तुरुंगवास झाला. बोल्ट २०१७ मध्ये निवृत्त झाला, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका फुटबॉल क्लबबरोबर सराव करून पाहिला आणि जमैकात उपाहारगृहे चालवली. त्याच्या नावाची विद्युत स्कूटरची कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. किंग्स्टनमधील एका गुंतवणूक संस्थेतील त्याच्या खात्यातून सु. १ कोटी २७ लाख डॉलर नाहीसे झाल्याचे त्याच्या वकिलांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले.

निवृत्त विजेत्यांच्या ‘एकूण मालमत्ते’चे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते कर, कर्ज, व्यवस्थापकाचा वाटा व बुडालेली गुंतवणूक वजा न करता केलेले अंदाज असतात, आणि एकाच व्यक्तीबद्दलचे दोन अंदाज क्वचितच जुळतात. त्यामुळे येथे ते दिलेले नाहीत.