क्यूएलईडी ही ओएलईडीची पुढची पायरी नव्हे

नवा टीव्ही घ्यायचा ठरला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘ओएलईडी घ्यावा, की त्याच्याही पुढचा क्यूएलईडी?’ यातल्या ‘त्याच्याही पुढचा’ या समजुतीनेच सगळा घोळ घातला आहे. क्यूएलईडी टीव्ही हा एलसीडी टीव्ही आहे आणि ओएलईडी टीव्ही एलसीडी नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. ही दोन वेगळी कुळे आहेत आणि त्यांच्यात मागचे-पुढचे असे नाते नाही. बाकीचे जवळजवळ सगळे फरक या एका फरकातून निघतात, आणि तरीही तुलनेच्या बहुतेक तक्त्यांत तो जाडी, वजन आणि एचडीएमआय पोर्टांची संख्या यांच्या रांगेत कुठेतरी खाली पडलेला असतो. असे तक्ते मला मनापासून नकोसे वाटतात, कारण त्यात दहा ओळींना सारखेच वजन मिळते आणि वाचणारा कोणत्या बाजूला जास्त खुणा आहेत ते मोजून निर्णय घेतो.

एलसीडी कसा चालतो हे बहुतेकांना माहीत असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. मागे प्रकाशाचा स्रोत, म्हणजे बॅकलाइट. त्यापुढे लिक्विड क्रिस्टलचा थर, जो प्रत्येक पिक्सेलपाशी, म्हणजे चित्राच्या एकेका ठिपक्यापाशी, झडपेसारखा कमीजास्त उघडतो. आणि त्यापुढे लाल, हिरवे, निळे फिल्टर. पडद्यावरचा कोणताही पिक्सेल स्वतः उजळत नाही. पूर्वी मागे फ्लुरोसेंट नळ्या असत, पुढे त्यांच्या जागी एलईडी आले, आणि केवळ मागचा दिवा बदलल्यामुळे त्याच यंत्राला ‘एलईडी टीव्ही’ म्हणण्याची पद्धत पडली. ब्रिटनमधल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये सॅमसंगच्या अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या, पण तोवर नाव रुळले होते. मागच्या दिव्याचे नाव अख्ख्या पडद्याला देण्याची ही खोड तेव्हा लागली ती लागलीच.

आता क्वांटम डॉटकडे येऊ, कारण लोक अडखळतात ते इथेच. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे अवघ्या काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिक. इतक्या चिमुकल्या कणात कोंडल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कणाच्या आकारावर अवलंबून राहते, आणि त्यामुळे पदार्थ तोच ठेवून केवळ कण लहानमोठा केला तरी त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो: मोठा कण तांबड्याकडे झुकतो, लहान कण निळ्याकडे. या शोधाबद्दल आणि अशा कणांच्या निर्मितीबद्दल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई येकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्वांटम डॉट ही निव्वळ जाहिरातबाजी आहे असे म्हणणारेही काही भेटतात; त्यांचेही चुकते.

हे कण दोन प्रकारे उजळवता येतात. त्यांच्यावर प्रकाश टाकला तर तो शोषून घेऊन ते आपल्या आकाराला साजेशा रंगाचा प्रकाश देतात. आणि त्यांच्यात थेट वीज खेळवली तरीही ते प्रकाश देऊ शकतात. दुसऱ्या प्रकाराने चालणारा पडदा आला, तर त्यात प्रत्येक पिक्सेल स्वयंप्रकाशी असेल आणि तो खरोखरच ओएलईडीचा भाऊबंद ठरेल. असे पडदे कंपन्यांनी नमुन्यादाखल बनवून दाखवलेही आहेत. परंतु क्यूएलईडी या नावाने जे टीव्ही विकले जातात, त्यांत फक्त पहिला प्रकार वापरलेला असतो. मागे निळे एलईडी असतात, त्यांच्यासमोर क्वांटम डॉट पसरलेली एक सलग फिल्म असते, ती निळ्या प्रकाशाचा काही भाग लाल आणि हिरव्यात बदलते, आणि हा तीन रंगांचा मिळून झालेला पांढरा प्रकाश मग नेहमीच्या लिक्विड क्रिस्टलमधून आणि फिल्टरमधून बाहेर पडतो. म्हणजे क्वांटम डॉट इथे पिक्सेल नव्हेत. ते बॅकलाइटचाच एक भाग आहेत, आणि पडद्यावर कोणते चित्र चालू आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

मग या फिल्मचा उपयोग काय, तर रंग. साध्या एलईडी बॅकलाइटमध्ये निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा पदार्थ, चढवून पांढरा प्रकाश मिळवतात. या प्रकाशात लाल आणि हिरवा वेगवेगळे उठून दिसत नाहीत, मधल्या पिवळ्यात मिसळून जातात, आणि पुढच्या फिल्टरना ते नीट निवडून काढता येत नाहीत. क्वांटम डॉट मात्र अरुंद पट्ट्यातला, निर्भेळ लाल आणि निर्भेळ हिरवा देतात, म्हणून पडदा भरपूर उजळलेला असतानाही रंग फिके पडत नाहीत. सोनीने २०१३ मध्येच आपल्या काही टीव्हींत ही युक्ती वापरली होती. सॅमसंगने २०१७ मध्ये तिला क्यूएलईडी हे नाव दिले, आणि टीसीएल, हायसेन्स अशा इतरांनीही ते उचलले. एलजीने २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की बॅकलाइट असलेल्या टीव्हीला हे नाव देणे ग्राहकाची फसवणूक आहे; सॅमसंगनेही उलट तक्रार ठोकली, आणि २०२० मध्ये दोघांनी आपापल्या तक्रारी मागे घेतल्यावर प्रकरण मिटले. नाव अर्थातच तसेच राहिले.

ओएलईडीत बॅकलाइट नावाची वस्तूच नाही. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचून, त्यांतून कमी दाबाची वीज सोडून चांगला प्रकाश मिळवता येतो हे दाखवले. ओएलईडीचा पाया तो. सोनीचा २००७ मधला एक्सईएल-१ हा विक्रीला आलेला पहिला ओएलईडी टीव्ही अवघा ११ इंची होता, आणि एलजीचा ५५ इंची टीव्ही यायला २०१३ उजाडले. या पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःचा प्रकाश स्वतः देतो, आणि काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा तो सरळ विझतो.

या विझण्यालाच मी एवढे महत्त्व का देतो, ते एलसीडीची अडचण पाहिली की कळते. लिक्विड क्रिस्टलची झडप पूर्ण मिटत नाही, मागचा प्रकाश थोडा का होईना झिरपतो, आणि काळ्याच्या जागी गडद राखाडी दिसतो. एलसीडीच्या आयपीएस प्रकारच्या पडद्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या भागाचे गुणोत्तर साधारण एक हजारास एक असते, व्हीए प्रकारात ते काही हजारांपर्यंत जाते. यावर उपाय म्हणून बॅकलाइटचे भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मंद करतात. यालाच लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडी म्हणजे हेच, फक्त दिवे फार लहान आणि भाग फार जास्त. पण भाग आणि पिक्सेल यांच्या संख्येत किती अंतर असते याची कल्पना क्वचितच कुणी देते. ॲपलच्या २०२१ च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये असे २,५९६ भाग होते, आणि तेवढ्या लहान पडद्यासाठी ही संख्या फारच मोठी होती. त्या पडद्याचे पिक्सेल मात्र जवळपास ५६ लाख. म्हणजे एकेका भागाच्या वाट्याला दोन हजारांहून जास्त पिक्सेल आले, आणि त्या दोन हजारांतला एकच चमकवायचा असला तरी मागचा सगळा भाग उजळावा लागे. काळ्या आकाशातल्या चांदणीभोवती किंवा उपशीर्षकांच्या अक्षरांभोवती दिसणारे धुरकट वलय यातूनच येते. ॲपलने २०२४ मध्ये आयपॅड प्रोसाठी ओएलईडी स्वीकारले. फोर-के ओएलईडी टीव्हीत स्वतंत्रपणे विझू शकणारे पिक्सेल ८२,९४,४०० असतात. क्वांटम डॉटची फिल्म कितीही उत्तम असली तरी या हिशेबात ती काहीच बदलत नाही, कारण तिचे काम रंगाचे आहे, काळोखाचे नाही.

एवढे स्पष्ट झाले की क्यूडी-ओएलईडी हे तिसरे नावही घाबरवत नाही. सॅमसंग आणि सोनी यांनी २०२२ मध्ये आणलेले हे टीव्ही ओएलईडीच आहेत: प्रत्येक पिक्सेल निळा प्रकाश स्वतः देतो, आणि त्या निळ्याचे लाल आणि हिरव्यात रूपांतर करण्यापुरते क्वांटम डॉट वापरलेले असतात. एलजीच्या रूढ रचनेत पांढरा प्रकाश देणाऱ्या ओएलईडीवर रंगीत फिल्टर असतात आणि उजेड वाढवण्यासाठी चौथा, बिनफिल्टरचा पांढरा उपपिक्सेल असतो, म्हणून फार उजळ दृश्यांत तिचे रंग किंचित धुतल्यासारखे होतात. क्यूडी-ओएलईडीचे तसे होत नाही. मात्र त्यात खोलीतल्या प्रकाशाचे परावर्तन अडवणारा ध्रुवीकरणाचा थर नसल्याने दिवे लावलेल्या खोलीत त्याचा काळा रंग करडा-जांभळट दिसतो, आणि ज्या काळ्यासाठी ओएलईडी घेतला तोच दिवसा हरवतो. अंधारात पाहणार असाल तर क्यूडी-ओएलईडी, दिवे चालू ठेवून पाहणार असाल तर एलजीची रचना, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेले फरक झटपट. बाजूला बसून पाहताना ओएलईडीचे रंग टिकतात, व्हीए एलसीडीचे फिके पडतात. ओएलईडीचा पिक्सेल क्षणार्धात बदलतो, म्हणून खेळांमध्ये चित्र स्वच्छ राहते. त्याच कारणाने सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात कॅमेरा आडवा फिरला की हलके धक्के जाणवतात. अख्खा पडदा पांढरा झाला की ओएलईडीला उजेड कमी करावा लागतो, एलसीडीला तितका नाही. जाडीबद्दल मी काही लिहिणार नाही. टीव्ही कडेने कुणी पाहत नाही.

बर्न-इनबद्दल, म्हणजे पडद्यावर कायमचा उमटणाऱ्या ठशाबद्दल, मात्र दोन्ही बाजू अतिशयोक्ती करतात. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ वापराने हळूहळू मंदावतात, त्यातही निळा सर्वांत लवकर. वाहिनीचे बोधचिन्ह किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर तिथले पिक्सेल इतरांहून जास्त झिजतात आणि पुढे त्या जागी पुसट ठसा दिसू लागतो. हा दोष खरा आहे. पण संमिश्र वापरात तो दिसायला फार काळ लागतो, आणि झीज समतोल ठेवण्यासाठी टीव्ही रिमोटने बंद केल्यानंतर स्वतःहून एक दुरुस्तीचे चक्र चालवतो. अनेक जण वीज वाचवण्यासाठी दर रात्री भिंतीवरचे बटणच बंद करतात, त्यामुळे ते चक्र कधी चालतच नाही, आणि मग दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारला जातो.

नावांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवले की पुरे: क्यूएलईडी, निओ क्यूएलईडी, क्यूएनईडी, नॅनोसेल, यूएलईडी, मिनी एलईडी हे सगळे एलसीडी. मायक्रो एलईडी हा खरा स्वयंप्रकाशी प्रकार असून तो मिनी एलईडीचा धाकटा भाऊ नव्हे. २०२५ मध्ये सॅमसंगने मायक्रो आरजीबी नावाचा ११५ इंची टीव्ही आणला, आणि तोही एलसीडीच. फक्त मागचे बारीक दिवे लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे. तंत्र म्हणून ते चांगले आहे. नाव ठेवणाऱ्यांविषयी मात्र मला आदर वाटत नाही.

निवड करताना माझा कल लपवत नाही. संध्याकाळी दिवे मंद करून चित्रपट पाहणाऱ्याने ओएलईडीच घ्यावा. मोठ्या खिडक्यांच्या खोलीत दिवसभर बातम्या चालू असतील तर मिनी एलईडी बॅकलाइटचा क्यूएलईडी निःसंशय बरा, कारण तिथे उजेड हवा असतो आणि काळोखाची कदर करायला अंधारच नसतो. पडद्याच्या फक्त कडांना दिवे असलेला क्यूएलईडी मात्र कुणीच घेऊ नये: रंग गडद आणि काळा राखाडी, अशी त्याची गत होते. त्यामुळे माहितीपत्रकात क्वांटम डॉटचा उल्लेख शोधण्याआधी लोकल डिमिंग आहे का आणि त्याचे भाग किती, हे पाहावे. आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो सांगण्याजोगा नाही असे खुशाल समजावे.