खेळण्याचं बारसं आणि नावात दडलेली शिवी

समजा, कोल्हापुरात लाल मातीतल्या पैलवानाची बाहुली निघाली आणि तिचं नाव ठेवलं ‘बाळ’. इथं कुणाला त्यात वावगं वाटणार नाही. पण खोक्यावर रोमन लिपीत बी-ए-एल छापलं की ‘ळ’ गायब होतो. हिंदीभाषक ते ‘बाल’ म्हणजे केस असं वाचतो, आणि बंगालीत हाच उच्चार अर्वाच्य शिवी आहे. ‘कट्टा’चंही तसंच. आपल्याकडे ती रंकाळ्याकाठी गप्पा मारायची जागा, हिंदी पट्ट्यात गावठी पिस्तूल. कन्नडमध्ये ‘कट्टे’ म्हणजे पार, पण ‘कत्ते’ म्हणजे गाढव. आणि रोमनमध्ये ट आणि त यांना अक्षर एकच.

असं घडण्यामागं साधं गणित आहे. मुलांच्या तोंडी बसावं म्हणून नाव दोन अक्षरांचं ठेवतात. ३० व्यंजनं आणि १० स्वर धरले, तर दोन अक्षरांच्या जोड्या होतात ९० हजार. तीन अक्षरांच्या २ कोटी ७० लाख. छोट्या नावांची जागा आधीच खच्चून भरलेली असते. त्यात आकाराचाही ओढा असतो. १९२९ मध्ये मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोलसर आकृतीला ‘बालुबा’ आणि टोकेरी आकृतीला ‘टाकेटे’ हे नाव जोडलं. म्हणून गुबगुबीत बाहुलीला ब, म, ल याच ध्वनींची नावं सुचत राहतात.

अर्थ चांगला असूनही नाव दुखावू शकतं. लेगोने २००१ मध्ये ‘बायोनिकल’ या खेळण्यांच्या मालिकेतल्या बेटवासीयांना ‘तोहुंगा’ म्हटलं. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या भाषेत तोहुंगा म्हणजे जाणकार, पुरोहित. माओरींनी आक्षेप घेतल्यावर ते नाव बदलून ‘मातोरान’ झालं. आमच्या मते हा आक्षेप पूर्ण रास्त होता: एखाद्या समाजाचा पूज्य शब्द न विचारता खेळण्याला लावायचा नसतो.

नाव तपासायला नुसता शब्दकोश पुरत नाही, कारण गल्लीतली शिवी त्यात बहुधा नसतेच. जिथं माल विकायचा तिथली भाषा लहानपणापासून बोलणारी माणसं गाठा. वयानं वेगवेगळी, कारण विशीतल्या पोराला कळणारा अर्थ आजीला ठाऊक नसतो. नाव आधी फक्त ऐकवा आणि ऐकलं तसं लिहून घ्या. मग नुसतं रोमन लिपीतलं नाव दाखवून मोठ्यानं वाचायला सांगा. बहुतेक घोळ इथंच सापडतात. शेवटी हाक मारून बघा: आपल्याकडे कुठल्याही नावाला ‘-या’ लागतो, ‘-ी’ लागते, आणि पोरं ते तोडून अर्धंच म्हणतात.

हे सगळं साचा कापण्याआधी उरकायचं. खोक्यावरची छपाई बदलता येते. पोलादी साच्यात कोरलेलं नाव बदलायचं तर साच्याचं कामच पुन्हा करावं लागतं. मग ट्रेडमार्कचा अर्ज, खेळण्यांसाठी वर्ग २८ मध्ये. १९९९ च्या कायद्याचं कलम ९(२) धार्मिक भावना दुखावणारी किंवा अश्लील नावं नाकारतं.