‘बाधा’ नव्हे, स्किझोफ्रेनिया

पोरगा पडवीत बसून एकटाच बोलतो, पेजेत कोणी काही घातलंय म्हणून ताट सरकवतो. कोकणात यावर पहिलं उत्तर असतं बाधा किंवा करणी. मग कौल, गाऱ्हाणं, उतारा. कधी त्यानंतर महिनाभर बरं वाटतं आणि समज पक्का होतो. पण हा स्किझोफ्रेनिया नावाचा मनाचा आजार असतो, आणि तो चढउतार करतच चालतो. ओसरायची वेळ आणि उताऱ्याची वेळ जुळली, एवढंच.

कानात येणारे आवाज, पक्का संशय यांमागे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा बिघाड असतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा. गांजाने धोका वाढतो. आंघोळ सोडणं, गप्प होणं हा आळस नव्हे, तीही लक्षणंच.

यावरची औषधं म्हणजे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन. या झोपेच्या गोळ्या नाहीत, त्यांचं व्यसनही लागत नाही. झोप आठवड्याभरात सुधारते, आवाज ओसरायला मात्र 4 ते 6 आठवडे लागतात. घरचे दहाव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात, चूक होते ती इथेच. बरं वाटल्यावरही पहिल्या झटक्यानंतर निदान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. हात थरथरले, अंग ताठरलं, वजन वाढलं तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. गोळ्या चुकतच असतील तर दर 2 ते 4 आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं.

देवाला नारळ जरूर ठेवा, गोळी चुकवू नका. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर सल्ल्यासाठी टेली-मानस, 14416.