लोकरीचा धागा आणि होटगी रोडची धावपट्टी

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं ते ९ जून २०२५ ला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईचंही सुरू झालं. त्या दिवसांत मला जितके फोन आले, त्यांतल्या निम्म्यांत एकच वाक्य होतं, "काय, आता तुमची हौस घरबसल्या फिटणार!" मी हौशी वैमानिक आहे हे नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक, पण म्हणजे नेमकं काय हे कुणालाच नाही. गावात एसटी स्टँड झाला म्हणून सायकलचं दुकान निघतंच असं नाही, हे मला दरवेळी सांगावं लागतं. तिकीट काढून विमानात बसणं वेगळं, आणि सुट्टीच्या दिवशी केवळ बरं वाटतं म्हणून स्वतः उडणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे.

सुरुवात कापडापासून करावी लागते. राइट बंधूंचं विमान १७ डिसेंबर १९०३ ला पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद आणि १२० फूट. त्याच्या पंखांवर चढवलं होतं ते साधं सुती मलमल. सोलापुरात तेव्हा जुनी मिल सुरू होऊन पाव शतक उलटलं होतं, भोंग्यावर गावाची घड्याळं लागत होती. म्हणजे विमानाला लागणारं निम्मं सामान आपल्याकडे ठाणांनी पडलं होतं. नव्हतं ते इंजिन, आणि ते असण्याचं काही कारणही नव्हतं.

(इथे कुणीतरी तळपद्यांचं नाव काढणारच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे आणि छाती फुगवून सांगितली आहे. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. या गोष्टीशी पुढे जोडल्या गेलेल्या संस्कृत ग्रंथातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. तळपदे खटपट्या माणूस होता एवढं मला पुरे आहे.)

हौस म्हणून उडणं भारतात रुजलं ते १९२८ च्या सुमारास, दिल्ली आणि मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर. मुंबईचा क्लब जुहूला. तिथेच जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला, क्रमांक १. आज टाटांचं नाव विमान कंपनीसाठी घेतात, पण माणूस मुळात आमच्यातला, हौशी. कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले ती तारीखही १५ ऑक्टोबरच, साल १९३२. सोलापूर-मुंबई विमानाला नेमकी हीच तारीख मिळाली हा योगायोग असावा, पण मला तो आवडला. त्यांचं पस मॉथ एका इंजिनाचं होतं, आणि पंखांवर अर्थातच कापड.

स्वातंत्र्यानंतरचा काळ हौशी लोकांसाठी बरा गेला. युद्धातून उरलेली टायगर मॉथ विमानं क्लबांना मिळाली. हिंदुस्तान एअरक्राफ्टने खास क्लबांसाठी 'पुष्पक' बनवलं. ते १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे तशी दीडशेच्या आसपास विमानं बनली. दोन माणसं शेजारी शेजारी, ९० अश्वशक्तीचं इंजिन, कापडी पंख. सरकार क्लबांना अनुदान देत असे, त्यामुळे एखादा शिक्षक किंवा बँकेतला माणूसही महिन्याला तास-दोन तास उडू शकायचा. मग अनुदानं आटली आणि क्लबांच्या शाळा झाल्या, म्हणजे नोकरीसाठी परवाना काढून देणाऱ्या. तिथे हौशी माणूस आला की त्याच्याकडे लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं बघतात. वास्तविक खासगी परवान्याच्या अटी काही डोंगराएवढ्या नाहीत. वय १७, दहावी पास, ४० तास उड्डाण, दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि काही लेखी परीक्षा. अडतं ते पैशापाशी.

त्या पैशाचं मोठं कारण पेट्रोल. बहुतेक छोट्या पिस्टन इंजिनांना जेटचं इंधन चालत नाही, त्यांना एव्हगॅस म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं. ते कितीतरी वर्षं परदेशातून पिंपांतून यायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याला देशी एव्हगॅस बनवून बाजारात आणलं ते थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. टाटांच्या परवान्यानंतर ९३ वर्षांनी.

या सगळ्यातून पळवाट एकच होती, इंजिनच नको. मी त्याच वाटेने गेलो. पुण्याचं ग्लायडिंग सेंटर हडपसरला, म्हणजे सोलापूर रोडवरच. पहाटेच्या एसटीने निघायचं, हडपसर गाडीतळाला उतरायचं, समोर टपरीवर चहा घ्यायचा आणि मैदानावर जाऊन नंबर लावायचा. पूर्वी नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने स्वतःच ग्लायडरं घडवली होती, अश्विनी, रोहिणी, कार्तिक, आर्द्रा. नावं पंचांगातली, अंग लाकडाचं आणि वर परत तेच कापड.

ग्लायडर वर जातं ते विंचने. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ट्रकच्या इंजिनासारखं धूड असतं, त्यावर गुंडाळलेली किलोमीटरभर लांब पोलादी तार ग्लायडरच्या पोटाला अडकवतात. विंच फिरली की तीन-चार सेकंदांत चाक जमीन सोडतं आणि आपण जवळजवळ पाठीवर पडून आभाळाकडे बघत असतो. हजारेक फुटांवर पिवळी मूठ ओढायची, खट् आवाज होतो, तार सुटते. मग फक्त वारा ऐकू येतो.

आणि समोर काचेवर चिकटपट्टीने लावलेला चार-पाच इंच लांब लोकरीचा धागा. मला वाटलं होतं की कुणाच्या स्वेटरचा राहून गेलाय. तर ते उपकरण होतं. ग्लायडर हवेतून सरळ जात असेल तर धागा सरळ मागे पडतो. शेपूट घसरत असेल तर एका बाजूला वळतो. शेपूट वळवायला पायाशी दोन पॅडल असतात. प्रशिक्षक मागून ओरडायचे, "धागा बघ! उजवीकडे गेला की डावा पाय, डावीकडे गेला की उजवा!" राइट बंधूंनीही असाच धागा लावला होता. आज लाखो रुपयांच्या ग्लायडरमध्ये उपग्रहावरून जागा दाखवणारा स्क्रीन असतो, आणि त्याच्यासमोर काचेवर हाच धागा. त्याला बॅटरी लागत नाही, अपडेट येत नाही, आणि माझ्या माहितीत तो कधी खोटं बोललेला नाही. ज्या गावाने चादरी विणून नाव कमावलं, तिथल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

आता प्रश्न, हे सोलापुरात का नाही? उन्हामुळे नक्कीच नाही. उलट ऊन ही ग्लायडरची पेंड आहे. चैत्र-वैशाखात नांगरलेली काळी रानं तापली की त्यावरून गरम हवेचे खांब उठतात. घारी त्यात पंख न हलवता गोल गोल चढतात, ग्लायडरही तेच करतं. इंजिनाच्या विमानाला मात्र तेच ऊन नडतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फूट. पण ४२ अंशांच्या दुपारी हवा इतकी पातळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. म्हणजे मे महिन्यात होटगी रोडवर उभं असलेलं विमान पंखांच्या हिशेबाने महाबळेश्वरच्याही वर उभं असतं. धावपट्टी तीच, पण उडायला जास्त लांबी लागते आणि चढ मंदावतो. माझ्या घरी हे कुणालाच पटत नाही.

सोलापूरचं खरं अडलं ते जमिनीवर. विमानतळ जुना आहे, किंगफिशर कंपनीचं छोटं एटीआर विमान मुंबईहून काही काळ येतही होतं. पण ती कंपनीच २०१२ मध्ये बंद पडली, आणि धावपट्टीजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरच्या आसपासची चिमणी उभी होती. नियम असा की मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरच्या पट्ट्यात विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटरवर काही जाऊ नये. एका बाजूला ऊस घालणारे हजारो सभासद, दुसऱ्या बाजूला 'विमान हवं' म्हणणारं शहर. वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, मोर्चे, उपोषणं. शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. मला आनंद झाला हे खरं, पण ती आडवी होतानाचा व्हिडिओ मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. गिरण्या गेल्यावर धूर सोडणाऱ्या चिमण्या या गावात उरल्या होत्याच किती. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, पुढचं वर सांगितलंच आहे.

दरम्यान हौसेनं रूप बदललं. बाल्सा लाकडाची, तेलाच्या छोट्या इंजिनाची मॉडेलं जाऊन ड्रोन आले. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी पूर्वीची कागदपत्रांची जंत्री बरीच कमी केली. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, हौसेसाठी असेल तर दोन किलोपर्यंतच्यालाही नाही. पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी घ्यावी लागते. गंमत बघा, ज्या विमानासाठी शहराने इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच्यामुळे शहरातल्या पोरांचे ड्रोन आता गच्चीवरून नीट विचारून उडवायचे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक वरून टिपायला ते हवेच असतात. पोरं कुरकुरतात. मी त्यांना नकाशा कसा बघायचा ते शिकवतो.

हडपसरहून परत येताना एकदा प्रशिक्षकांनी मला जुना धागा देऊन टाकला. तो मी गाडीच्या पुढच्या काचेवर खालच्या बाजूला चिकटवलाय. होटगी रोडला आडवा वारा असतो, त्यात उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना धागा एकदम उजवीकडे वळतो आणि माझा डावा पाय आपसूक दाबला जातो. तिथे क्लच असतो.