शातोनफ-द्यु-पाप हे नाव आलं कुठून आणि ते टिकवलं कोणी

या गावच्या वाईनच्या बऱ्याच बाटल्यांवर काचेतच उठाव असतो, वर पोपचा मुकुट आणि खाली सेंट पीटरच्या किल्ल्या. ते बघून सगळ्यांना वाटतं की पोपनी द्राक्षं लावली, पोपनी वाईन केली, तेव्हापासून सातशे वर्षं हे असंच चालू आहे. टूर गाईडही हेच सांगतात, आणि गोष्ट छानच आहे म्हणा, फक्त अर्धीच आहे. तो बाटलीवरचा उठाव १९३७ पासूनचा. गावाचं हे नावसुद्धा अधिकृतपणे १८९३ मध्ये पडलं, आणि आज जगभर जे नाव चालतं ते पोपपेक्षा एका माजी फायटर पायलटमुळे जास्त चालतं असं माझं मत.

गाव कुठे, तर दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या डाव्या काठाजवळ, अविन्यों आणि ऑरांज या दोन शहरांच्या मधे. लोकवस्ती दोन हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं. शातोनफ म्हणजे नवा गड, द्यु-पाप म्हणजे पोपचा. गंमत अशी की शातोनफ हे नाव पोप यायच्या आधीपासूनचं आहे, त्यामुळे नावातला 'नवा गड' म्हणजे पोपचा वाडा नव्हेच. आधी गावाला म्हणायचे शातोनफ-काल्सर्निए, कारण आजूबाजूला चुना भाजायच्या भट्ट्या होत्या. थोडक्यात गावाचं जुनं नाव आपल्या चुनाभट्टीसारखंच, त्या नावाने वाईन कितीला खपली असती कोण जाणे.

आता पोप. १३०९ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट रोमऐवजी अविन्योंला येऊन राहिला, तो मूळचा बोर्दोचा आर्चबिशप. नंतर १३७७ पर्यंत एकूण सात पोप अविन्योंला होते, सगळे फ्रेंच. त्यातला दुसरा, बाविसावा जॉन, हा काओरचा, म्हणजे तोही वाईनच्याच मुलखातला. त्याने १३१७ मध्ये या गावच्या टेकडीवर गड बांधायला घेतला आणि काम १३३३ पर्यंत चाललं. पुढच्याच वर्षी तो वारला, म्हणजे बांधला हौसेने आणि राहिला फारसा नाही. बागा गावात त्याच्याही आधीपासून होत्या, पण पोपच्या दरबारामुळे त्यांना गिऱ्हाईक मिळालं एवढं नक्की. तरी दरबारात फक्त इथलीच वाईन चालायची असंही नाही हं, बरगंडी या उत्तरेकडच्या वाईनच्या मुलखातल्या बोन गावची वाईन कार्डिनल लोकांना इतकी आवडायची की त्यापायीच ते रोमला परत जायला तयार नाहीत असा टोमणा कवी पेट्रार्कने मारलेला आहे.

पोप रोमला परतले आणि गडाचे वाईट दिवस सुरू झाले. सोळाव्या शतकात कॅथलिक-प्रोटेस्टंट लढायांत तो लुटला गेला, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड घरं बांधायला नेले. आपल्याकडच्या किल्ल्यांचं जे झालं तेच. वाईन मात्र चालू होती, पण स्वतःच्या नावाने फार कमी. बराचसा माल पिंपांतून उत्तरेला बरगंडीला जायचा, तिथल्या पातळ वाईनमध्ये मिसळून तिला जोर आणायला. फ्रेंचमध्ये अशा वाईनला औषधी वाईन म्हणायचे, म्हणजे दुसऱ्याची वाईन बरी करणारी. काम आपलं, नाव दुसऱ्याचं.

त्यात आला फायलोक्झेरा. ही मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतून आली आणि फ्रान्समध्ये तिचा पहिला ठिपका पडला तो जवळजवळ या गावाच्या दारातच, नदीच्या पलीकडच्या काठाला रोकमोर आणि प्युजो या गावांकडे. रोकमोरच्या एका वाईन व्यापाऱ्याने १८६२ मध्ये न्यूयॉर्कहून आलेले अमेरिकन वेल हौसेने आपल्या बागेत लावले, आणि पुढच्याच वर्षापासून आजूबाजूचे वेल कारण नसताना वाळायला लागले. कोणाला काही कळेना. रोकमोरच्या एका बागाईतदाराने तर बागा वाचाव्यात म्हणून १८६८ मध्ये रोमहून सेंट व्हॅलेंटाईनचे अवशेष आणून चर्चमध्ये ठेवले. हो, तोच १४ फेब्रुवारीवाला. त्याच वर्षी माँपेलिएचे प्राध्यापक प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून कीड शोधली, पण उपाय सापडून तो पसरेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली आणि तोवर दक्षिणेतल्या बागा साफ झाल्या होत्या.

उपाय काय, तर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलाचं कलम. ज्या देशातून रोग आला त्याच देशाची मुळं. हे नाशिक-सांगलीकडच्या कोणालाही वेगळं समजवायला नको, आपल्याकडे थॉमसन जातीच्या द्राक्षाचं कलम डॉगरिज खुंटावर बांधतात तो डॉगरिजही अमेरिकनच, फक्त आपल्याकडे कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ. शातोनफमध्ये ला नेर्त या इस्टेटीवर कमांडंट ज्योसेफ द्युको नावाच्या माणसाने १८७७ नंतर अशा कलमांची लागवड केली आणि एकाच जातीवर न थांबता दहा जाती लावल्या. इथल्या वाईनमध्ये अनेक जाती मिसळायची जी पद्धत पुढे नियमात आली, तिचं मूळ लोक बरेचदा त्याच्या बागेत शोधतात.

मग १८९३ मध्ये चुनाभट्टी गेली आणि पोप आले, म्हणजे नावात. नाव चांगलं लागलं आणि तिथूनच खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण चांगलं नाव कोणीही छापू शकतं. कुठलीतरी स्वस्त वाईन घ्यायची, लेबलवर शातोनफ-द्यु-पाप लिहायचं आणि विकायची. पहिल्या महायुद्धानंतर हे इतकं वाढलं की गावातल्या खऱ्या बागाईतदारांना भाव मिळेना.

१९२३ मध्ये हे लोक बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. ल रुआ इथले मूळचे नव्हते, कायदा शिकलेले, पहिल्या महायुद्धात फायटर पायलट, आणि लग्न झालं ते शातो फोर्तिया या इथल्या इस्टेटीच्या मुलीशी, म्हणजे गावचे जावई. त्यांनी केस लढवायला होकार दिला पण अट घातली की आधी आपण स्वतःला शिस्त लावायची, दुसऱ्याला चोर म्हणायच्या आधी आपल्या तळघरातली भेसळ थांबवायची. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण सरकारने वरून काही लादलं नव्हतं, शेतकऱ्यांनी एकत्र बसून आपल्याच पायात बेड्या घालून घेतल्या.

बेड्या कसल्या, तर हद्द ठरवताना जमीन अशी हवी की जिथे लॅव्हेंडर आणि थाईम ही दोन रानटी झुडपं उगवतात, म्हणजे कोरडी, हलकी, गव्हाला नालायक. वाईनमध्ये अल्कोहोल निदान साडेबारा टक्के, तेही साखर न घालता, द्राक्षातच गोडी हवी. कुठल्या जाती चालतील त्याची यादी, जी पुढे १३ जातींवर स्थिरावली, ग्रनाश ही मुख्य आणि मग सिरा, मूर्वेद्र वगैरे. तोडणी हाताने. आणि तोडलेल्या मालातला काही हिस्सा निवडून बाजूला काढायचाच, सगळा घड चांगला असला तरी. रोझे म्हणजे गुलाबी वाईन या नावाने करायचीच नाही, फक्त लाल आणि पांढरी.

तिथली जुनी बाग बघितली तर आपल्या माणसाला आधी बागच वाटणार नाही. मांडव नाही, बहुतेक ठिकाणी तारसुद्धा नाही, गुडघा-मांडीएवढी बुटकी झुडपं आणि खाली माती दिसतच नाही, नुसते गोटे. आंब्याएवढे, नारळाएवढे गुळगुळीत गोटे, नदीने कधीकाळी आणून टाकलेले. ते दिवसा तापतात आणि रात्री ऊब देतात असं सांगतात, खाली ओल धरून ठेवतात हेही खरं. अर्थात सगळ्या जमिनी अशा नाहीत, काही नुसती वाळू आहे आणि तिथलीही वाईन नावाजलेली आहे. वरून मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा, माणसाला वैताग आणतो पण पाऊस पडून गेला की पानं झटक्यात वाळवतो, डावणी या बुरशीच्या रोगाला तेवढी संधी कमी.

तर कोर्टाकडे येऊ. ऑरांजच्या कोर्टाने १९२९ मध्ये निकाल दिला, प्रकरण वर गेलं, आणि १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील कोर्टाने तो कायम केला. गावची हद्द, जाती, पद्धत सगळं मान्य. हद्द एका गावापुरती नाही, शेजारच्या चार गावांचे भागही त्यात येतात, मिळून साधारण ३२०० हेक्टर. पुढे १९३५ मध्ये सिनेटर ज्योसेफ काप्यु यांच्या पुढाकाराने वाईनच्या अशा जागेच्या नावांसाठी देशभराचा कायदा झाला आणि १५ मे १९३६ ला पहिली जी मोजकी नावं त्यात नोंदली गेली त्यात शातोनफ होतं, सोबत नदीपलीकडचं ताव्हेल. ल रुआ पुढे ही नावं सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले. आज नाशिक व्हॅली वाईनला जो जीआय टॅग आहे, त्यामागची कल्पना, की नाव हे जागेचं असतं आणि जागेबाहेरच्याने ते वापरायचं नाही, ती घडवण्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

गडाचं शेवटचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उरलेला बुरूज सुरुंग लावून उडवला, पण उत्तरेकडची बाजूच पडली. दक्षिणेकडची भिंत अजून उभी आहे आणि फोटोत जो गड दिसतो तो एवढाच, समोरून भक्कम आणि मागे काही नाही.

आणि हो, उडत्या तबकड्या. १९५४ च्या शरदात फ्रान्सभर लोकांना आकाशात काहीबाही दिसायला लागलं तेव्हा इथले महापौर ल्युसियां ज्यून यांनी ऑक्टोबरमध्ये अधिकृत हुकूम काढला की गावाच्या हद्दीत कुठल्याही देशाच्या उडत्या तबकडीने किंवा उडत्या सिगारने उतरायचं नाही, वरून जायचंही नाही, उतरली तर ताबडतोब जप्त. अंमलबजावणी गावच्या राखणदाराकडे, म्हणजे आपल्याकडच्या कोतवालाकडे. पुढे त्यांच्या मुलानेच सांगितलं की सगळा पब्लिसिटीचा खेळ होता, आणि तो चालला, एका कॅलिफोर्नियाच्या वाईनवाल्याने तर आपल्या वाईनचं नावच 'उडता सिगार' ठेवलं, अर्थात फ्रेंचमध्ये. २०१६ मध्ये तेव्हाच्या महापौरांना विचारलं की आता तरी हा हुकूम रद्द करणार का, ते म्हणाले नाही करणार.