विश्वाचं मूळ: आरंभ वेगळा, आधार वेगळा

मराठीतला ‘मूळ’ हा शब्द बेरकी आहे. भांडणाचं मूळ शोधायचं तर मागे जावं लागतं: वीस वर्षांपूर्वी कोण कोणाला काय बोललं. ते बोलणारे दोघंही आज हयात नसतील, भांडण मात्र पुढच्या पिढीत जोरात चालू असतं. झाडाचं मूळ शोधायला भूतकाळात जावं लागत नाही, खाली उकरावं लागतं. ते मूळ आत्ता, या क्षणी झाडाला धरून आहे. तोडलं की झाड वाळायला लागतं.

विश्वाचं मूळ देव आहे असं ख्रिस्ती विचारवंत म्हणतात, तेव्हा यातलं कोणतं मूळ? काहींना पहिलं म्हणायचं असतं, काहींना दुसरं. दोन्ही युक्तिवादांचा शेवट ‘म्हणून देव’ असाच होत असल्यामुळे ते सरसकट एकच समजले जातात. मग एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या माथी मारलं जातं आणि वाद तासन्‌तास चालूनही जागचा हलत नाही.

पहिला, आरंभाचा युक्तिवाद, तीन ओळींत मावतो. जे जे अस्तित्वात येऊ लागतं त्याला कारण असतं. विश्व कधीतरी अस्तित्वात आलं. म्हणून विश्वाला कारण आहे. याला ‘कलाम युक्तिवाद’ म्हणतात. कलाम हा शब्द अरबी, इस्लामी धर्मचिंतनाच्या परंपरेतला. आज हा युक्तिवाद ख्रिस्ती व्याख्यानांमध्ये सर्रास ऐकू येतो, त्यामुळे हे नाव अनेकांना बुचकळ्यात टाकतं. त्याचा प्रवासही मजेशीर आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने जग अनादि मानणाऱ्या ग्रीक मताविरुद्ध तो लढवला. पुढे अल-किंदी आणि अल-गझाली या मुस्लिम विचारवंतांनी त्याला धार लावली, तेराव्या शतकात बोनाव्हेंचर या ख्रिस्ती संताने तशीच मांडणी केली आणि १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्याच नावाचं पुस्तक लिहून तो पुन्हा चलनात आणला.

दुसरा, आधाराचा युक्तिवाद, काळाबद्दल काही बोलतच नाही. त्याचं म्हणणं असं: आपल्याला दिसणारी प्रत्येक गोष्ट असू शकली असती तशी नसूही शकली असती. ती आहे, ती दुसऱ्या कशाच्या तरी जोरावर. तेही आणखी कशाच्या जोरावर. सगळंच उसन्या अस्तित्वावर उभं असेल, तर मुळात देणारा कोण? ज्याचं अस्तित्व उसनं नाही असं काहीतरी असलंच पाहिजे. तेराव्या शतकातला ख्रिस्ती संत थॉमस अक्वायनस आणि पुढच्या काळातले तत्त्वज्ञ लाइबनिट्स व सॅम्युएल क्लार्क ही या बाजूची मोठी नावं.

फरक नेमका कुठे आहे हे बघायला अक्वायनसने वापरलेली दोन उदाहरणं पुरतात. एक लोहार आहे. त्याचा एक हातोडा मोडतो, तो दुसरा घेतो. तोही मोडतो, तिसरा घेतो. आता हातात असलेल्या हातोड्याला आधीच्या हातोड्याशी काही देणंघेणं नाही. आधीचे दहा होते की दहा हजार की अगणित, याने आत्ताच्या घावात तिळमात्र फरक पडत नाही. बाप-मुलाची साखळी अशीच. आजोबा वारले म्हणून नातवाचं बाप होणं अडत नाही. अशी साखळी मागे अनंतापर्यंत गेली तर जाऊ दे, अक्वायनसची हरकत नाही.

दुसरं उदाहरण: हात काठीला ढकलतो, काठी दगडाला. इथे तिन्ही हालचाली एकाच वेळी चालू आहेत आणि काठीकडे स्वतःचं बळ शून्य आहे. हात थांबला की काठी थांबली, काठी थांबली की दगड थांबला. मध्ये कितीही काठ्या लावा, अगदी अगणित लावा, हात नसेल तर दगड सरकणार नाही. अक्वायनसला हवं ते ‘पहिलं कारण’ या साखळीतलं आहे. ‘पहिलं’ म्हणजे सर्वांत जुनं असा अर्थ इथे नाही. पहिलं म्हणजे ज्याला दुसऱ्या कोणी हलवावं लागत नाही ते.

अक्वायनसच्याही आठशे वर्षं आधी ऑगस्टिन या ख्रिस्ती संताने प्लेटोच्या अनुयायांचा एक दाखला नोंदवून ठेवला आहे, तो मला सगळ्यांत जास्त आवडतो. समजा एक पाऊल अनादि काळापासून धुळीत रोवलेलं आहे. त्याखालचा ठसाही मग अनादि काळापासूनचाच. पाऊल आधी आणि ठसा नंतर असा एक क्षणही कधी नव्हता. तरी ठसा पावलाने उमटवला याबद्दल कोणाला शंका येईल का? म्हणजे एखादी गोष्ट कायमची असूनही परावलंबी असू शकते. ही एवढी गोष्ट पटली की दोन युक्तिवादांमधली भिंत स्पष्ट दिसते. लाइबनिट्सने हेच पुस्तकाच्या उदाहरणाने सांगितलं: भूमितीचं एक पुस्तक आधीच्या प्रतीवरून उतरवलं, ती प्रत त्याआधीच्या प्रतीवरून, असं अनादि काळापासून चालत आलं आहे. प्रत्येक प्रत कुठून आली ते कळलं. पण मुळात भूमितीचं पुस्तकच का आणि त्यात हाच मजकूर का, ते कुठे कळलं?

आरंभवाद्यांना या ठशाने समाधान होत नाही. विश्व अनादि असूच शकत नाही हे त्यांना सिद्ध करायचं असतं आणि त्यासाठी त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे अनंताची गंमत. गझालीने ग्रहांचा हिशेब मांडला होता. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी वर्षाची, शनीची सुमारे तीस वर्षांची. म्हणजे शनीच्या एका फेरीत सूर्याच्या तीस होतात. पण दोघेही अनादि काळापासून फिरत असतील तर दोघांच्याही फेऱ्या अनंत, म्हणजे सारख्याच! दर वेळी तीसपट मागे पडणारा गडी बरोबरीत कसा? शिवाय अनंत दिवस ‘संपून’ आजचा दिवस उजाडला तरी कसा?

ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण दोन्ही दाव्यांना उत्तरं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणितज्ञ कँटरच्या संशोधनाने दाखवलं की अनंत संचाचा एखादा भाग त्या संचाइतकाच ‘मोठा’ असण्यात तार्किक विसंगती नाही. विचित्र आहे, एवढंच. क्रेग यांचं प्रत्युत्तर असं की कागदावर चालतं ते प्रत्यक्षात चालेलच असं नाही. हा मुद्दा अजून लोंबकळत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गंमत म्हणजे अक्वायनसनेच देऊन ठेवलं होतं: भूतकाळातला कुठलाही दिवस धरा, तिथपासून आजपर्यंतचे दिवस मोजता येण्याजोगेच असतात. अनंत दूर असलेला ‘सुरुवातीचा दिवस’ धरून आपण चालायला लागतो तिथेच घोळ होतो, कारण अनादि म्हटल्यावर तसा दिवसच नाही.

एक ख्रिस्ती संत दुसऱ्या ख्रिस्ती संताचा युक्तिवाद मोडतोय, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. बोनाव्हेंचर आणि अक्वायनस दोघांनीही पॅरिसच्या विद्यापीठात शिकवलं, दोघेही १२७४ साली वारले. जगाला आरंभ आहे ही दोघांची श्रद्धा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन या चर्चच्या परिषदेने तसं अधिकृतपणे म्हटलंही होतं. भांडण एवढंच की हे तर्काने सिद्ध करता येतं का. बोनाव्हेंचर म्हणे, येतं. अक्वायनस म्हणे, नाही. हे धर्मग्रंथातून कळलं म्हणून मानायचं. उगाच कच्चे पुरावे पुढे केले तर श्रद्धा नसलेल्यांना हसायला निमित्त मिळेल, असा इशाराही त्याने दिला. १२७० मध्ये पॅरिसच्या बिशपने जग अनादि असल्याचं मत निषिद्ध ठरवलं; त्याच सुमारास अक्वायनसने याच विषयावर छोटी पुस्तिका लिहून सांगितलं की देवाने निर्माण केलेलं जग अनादि असण्यात तार्किक विसंगती नाही. हवा विरुद्ध असताना असं लिहायला हिंमत लागते.

(अक्वायनसची बाजू अगदीच स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. देव आहे हे दाखवण्याच्या त्याच्या पाच मार्गांपैकी तिसऱ्यात ‘सगळंच नसू शकणारं असेल तर एके काळी काहीच नव्हतं’ असं वाक्य येतं. इथे काळ मागच्या दाराने आत शिरतो, आणि त्या वाक्याचा अर्थ लावताना त्याच्या चाहत्यांचीही तारांबळ उडते.)

आता नेहमीचा टोला: ‘मग देवाला कोणी बनवलं?’ हा टोला ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ या वाक्यावर बसतो. पण नीट वाचलं तर ते वाक्य दोन्ही युक्तिवादांत नाही. पहिला म्हणतो, जे अस्तित्वात येऊ लागतं त्याला कारण असतं. देव येऊ लागला असं त्यांचं म्हणणंच नाही. दुसरा म्हणतो, जे परावलंबी आहे त्याला आधार लागतो. हात काठीला ढकलतो हे पटल्यावर हाताला ढकलणारी काठी कुठली असं विचारण्यात अर्थ नाही. अर्थात असा निरवलंब ‘हात’ खरोखर आहे का, हा प्रश्न रास्त आहे, आणि खरी झुंज तिथेच आहे.

ती झुंज २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या रेडिओवर झाली. एका बाजूला जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू फ्रेडरिक कोपल्स्टन, दुसऱ्या बाजूला देव न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल. कोपल्स्टननी आधाराचा युक्तिवाद मांडला. रसेल ‘देवाला कोणी बनवलं’ वगैरे फंदात पडलेच नाहीत. त्यांचं म्हणणं: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई असली पाहिजे का? भागांना लागणारं स्पष्टीकरण सबंध विश्वालाही लागतं असं कशावरून? विश्व आहे, बस. या ‘आहे, बस’वर समाधान मानायचं की नाही, याचा निवाडा करणारा तराजू कोणाकडेच नाही. माझ्या मते आधाराच्या युक्तिवादाची सगळी ताकद आणि सगळी कमजोरी याच एका जागी आहे. ज्याला ‘का?’ हा प्रश्न सबंध विश्वालाही लागू पडतो असं वाटतं, त्याला तो युक्तिवाद जवळजवळ अटळ वाटतो. ज्याला वाटत नाही, त्याच्यापुढे तो एक पाऊलही सरकत नाही.

दोन्ही युक्तिवाद जिंकले असं क्षणभर धरलं, तरी हाती काय लागतं? आरंभाच्या युक्तिवादातून एक सुरू करून देणारा मिळतो. तो पुढे टिकलाच पाहिजे असं त्या तीन ओळींत काही नाही. भांडण लावून देणाऱ्यासारखा तो निघूनही गेला असेल. आधाराचा युक्तिवाद खरा असेल तर असं निघून जाणं शक्य नाही, कारण हात काढला की दगड थांबला. प्रार्थना ऐकणारा, जग सांभाळणारा देव ज्या धर्मात आहे, त्याला दुसराच जास्त जवळचा ठरावा. पण येशू किंवा त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) यांच्यापर्यंत दोघेही पोचत नाहीत. तिथून पुढे सुतावरून स्वर्ग गाठणारे वक्ते पुष्कळ आहेत. अक्वायनसने मात्र त्रैक्य तर्काने सिद्ध होत नाही असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

विज्ञानाशी या दोघांचं नातंही सारखं नाही. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, ते अतितप्त, अतिघन अवस्थेतून प्रसरण पावलं (यालाच महास्फोट म्हणतात), हे कळल्यावर आरंभवाद्यांना हर्ष झाला. २००३ साली बोर्ड, गूथ आणि विलेन्किन या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रमेय मांडलं की सरासरीने प्रसरणच पावत आलेलं विश्व भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही. क्रेग त्याचा आधार घेतात. पण त्या सीमेपलीकडे काय होतं हे ते प्रमेय सांगत नाही. उद्या महास्फोटाआधीची अवस्था दाखवणारा सिद्धांत टिकला तर आरंभाच्या युक्तिवादाची दुसरी ओळ डळमळेल. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९८८ मध्ये विश्वाला काळाची कडच नसेल तर निर्मात्याला जागा कुठे, असं विचारलं, तो वारही याच युक्तिवादावर होता. धुळीतल्या ठशाला त्याने धक्का लागत नाही. उलट, महास्फोट सिद्ध झाल्याने आधाराच्या युक्तिवादाला कवडीचाही फायदा नाही.

हे सगळ्यांत आधी ज्यांना उमगलं असावं ते जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. १९२७ मध्ये त्यांनी प्रसरणशील विश्वाची मांडणी केली, १९३१ मध्ये ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात विश्वाचा आरंभ एका आद्य कणापासून झाला असावा ही कल्पना मांडली. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात नव्या खगोलशास्त्रातून निर्मितीला दुजोरा मिळाल्याचा सूर लावला, तेव्हा लमेत्र खूश होण्याऐवजी अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत अशा धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी पोप खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, त्यात तो सूर नव्हता.

१९३१ च्या त्या टिपणाचा टंकलिखित मसुदा आजही उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी देवाबद्दलचं एक वाक्य होतं. त्यात देव ‘सुरुवात करून देणारा’ म्हणून येत नाही. प्रत्येक अस्तित्वाला आणि प्रत्येक क्रियेला आधार देणारा, आणि स्वभावतःच लपलेला, असा येतो. छापायला देण्याआधी लमेत्र यांनी ते वाक्य खोडून टाकलं.