सात संस्थापक ठरले कसे : अल्फा फाय अल्फाच्या जन्माचा वाद

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी आंतरमहाविद्यालयीन (म्हणजे एकाहून जास्त महाविद्यालयांत शाखा असलेली) फ्रॅटर्निटी, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेणारा विद्यार्थ्यांचा बंधुसंघ, म्हणून अल्फा फाय अल्फाचं नाव घेतलं जातं. स्थापना ४ डिसेंबर १९०६, कॉर्नेल विद्यापीठ, इथाका, न्यूयॉर्क राज्य. संस्थापक सात, त्यांना ‘सात रत्नं’ म्हणतात. दरवर्षी ४ डिसेंबरला संस्थापक दिन पाळला जातो. पण ही तारीख आणि हा सातचा आकडा नक्की व्हायला पुढची अनेक दशकं लागली.

१९०४-०५ या वर्षी कॉर्नेलला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहाजण पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारं या मुलांना बंद होती. नुसता भोजनाचा आणि राहण्याचा प्रश्न नव्हता. जुन्या नोट्स, परीक्षेची माहिती, शिक्षकांपर्यंत पोहोच हे सगळं फ्रॅटर्निटींच्या वसतिघरांतून फिरायचं. जे मागे राहिले त्यांनी १९०५-०६ मध्ये एक अभ्यास आणि साहित्य मंडळ उभं केलं. त्याचे अध्यक्ष होते सी. सी. पॉइंडेक्स्टर, पदव्युत्तर शिक्षण घेणारे, बाकीच्यांपेक्षा मोठे. मुलांना एकत्र आणलं ते त्यांनी. पण मंडळाने फ्रॅटर्निटी व्हावं हे त्यांना पटलं नाही. साहित्य मंडळच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. तरुणांचा कल दुसरीकडे होता. ४ डिसेंबर १९०६ ला फ्रॅटर्निटीचा निर्णय झाला आणि पॉइंडेक्स्टर बाहेर पडले.

सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. मंडळापासून मोजायचं, तर पॉइंडेक्स्टर पहिले. ठरावापासून मोजायचं, तर ते यादीतच नाहीत. संघटनेने ठराव धरला. मला यात त्यांच्यावर थोडा अन्याय झाल्यासारखा वाटतो. पुढे इतिहासकार चार्ल्स एच. वेस्ली यांनी १९२९ मध्ये संघटनेचा इतिहास लिहिला. स्वतः अल्फाचे सदस्य आणि १९३१ पासून तिचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेल्या या माणसाने पॉइंडेक्स्टरांच्या कामाची दखल घेतली, पण संस्थापकांच्या यादीत काही ते आले नाहीत.

दुसरा पेच जास्त अवघड. सुरुवातीच्या मंडळींत जेम्स मॉर्टन होते आणि जुन्या नोंदींत त्यांचं नाव संस्थापकांत धरलेलं दिसतं. यूजीन किंकल जोन्स मात्र काही काळाने, पहिल्या दीक्षाविधीत आलेले. म्हणजे ते आधीच उभ्या असलेल्या गटात सामील झाले. तरी जोन्स यांचं काम मोठं. पुढे ते शहरांतल्या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीग या संस्थेचे प्रमुख झाले. शेवटी मॉर्टन वगळले गेले, जोन्स आत आले. जोन्स यांचं स्थान पक्कं व्हायला १९५२ साल उजाडलं, म्हणजे स्थापनेनंतर ४६ वर्षं. तोवर हयात असलेल्या संस्थापकांच्या आठवणींवरच बरंचसं ठरत होतं, आणि आठवणी कुठे एकसारख्या असतात?

बाहेरच्या वादात प्रश्न असा, की पहिलं कोण? सिग्मा पाय फाय ही १९०४ ला फिलाडेल्फियात स्थापन झाली, पण ती पदवीधर व्यावसायिकांची, विद्यार्थ्यांची नव्हे. इंडियाना विद्यापीठात १९०३ मध्ये अल्फा कॅपा नू नावाचा गट उभा राहिला. विद्यार्थी मोजकेच असल्याने टिकला नाही. ओहायो स्टेटमधल्या पाय गामा ओमिक्रॉनची बातमी ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात आली आणि ती वाचून कॉर्नेलची मुलं आणखी पेटली. म्हणून अल्फाच्या दाव्यात ‘आंतरमहाविद्यालयीन’ हा शब्द इतका महत्त्वाचा ठरतो. १९०७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली, आणि इथेच बाकीच्यांपेक्षा अल्फा वेगळी ठरली: ती टिकली आणि पसरली.

इंडियानाच्या त्या विझलेल्या गटाची आठवण मात्र पुसली नाही. १९११ मध्ये त्याच विद्यापीठात कॅपा अल्फा नू स्थापन झाली, नाव त्या जुन्या गटाची आठवण ठेवणारं. गोऱ्या विद्यार्थ्यांनी ‘नू’ या अक्षरावरून वंशद्वेषी शिवी बनवली आणि १९१५ मध्ये संघटनेने नाव बदलून कॅपा अल्फा साय केलं. ओळख कोण कशी हिरावतं याचं इतकं उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

ओळखीचा प्रश्न अल्फाच्या आतही होताच. नाव ग्रीक, पण चिन्हं इजिप्तची: स्फिंक्स, पिरॅमिड. १९१४ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाचं नावच ‘द स्फिंक्स’. ग्रीक अक्षरं उसनी घेतली, पण मूळ आफ्रिकेत शोधलं. सदस्यत्वाच्या कलमातला वंशाचा उल्लेखही १९४० च्या दशकात काढला गेला आणि इतर वंशांच्या तरुणांना वाट मोकळी झाली.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हेही अल्फाचे सदस्य. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली, तेच हे. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ मध्ये बॉस्टनमध्ये सदस्य झाले, आणि वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक उभारण्याची खटपट याच संघटनेने वर्षानुवर्षं केली; २०११ मध्ये ते खुलं झालं.

सातांपैकी हेन्री आर्थर कॅलिस सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये वारले. त्यानंतर ४ डिसेंबरची ती बैठक पाहिलेला एकही संस्थापक उरला नाही.